डच आडनावाचं मूळ आणि दुर्मिळता: शोध कोणत्या क्रमाने घ्यावा

डच आडनावाचा शोध घेताना सगळ्यात जास्त चुका क्रमाच्या होतात. आधी अर्थ शोधला जातो, एखादं रंगीत कुलचिन्ह सापडतं, "हे नाव फार दुर्मिळ आहे" असं कुठेतरी वाचायला मिळतं आणि शोध तिथेच थांबतो. पुढे कळतं की अर्थ भलत्याच गावावरून लावलेला आहे, कुलचिन्ह दुसऱ्याच घराण्याचं आहे आणि दुर्मिळता एकाच स्पेलिंगपुरती मोजलेली आहे. नेदरलँड्समध्ये राहणारे, डच घराशी सोयरीक झालेले किंवा वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा अभ्यास करणारे मराठी वाचक हे प्रश्न वारंवार विचारतात, म्हणून पूर्ण पद्धत इथे क्रमाने लिहितो.

क्रम असा: स्पेलिंग, संख्या, नकाशा, कागद आणि सगळ्यात शेवटी अर्थ. "नाव आलं कुठून" आणि "नाव किती जणांचं आहे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं वेगळ्या ठिकाणी मिळतात, म्हणून वहीत त्यांची पानंही वेगळी ठेवा.

## तयारी: संगणक उघडण्याआधी

घरात जे आहे ते आधी गोळा करा. डच घरांत लग्नाच्या वेळी नगरपालिकेकडून मिळालेली छोटी कुटुंबपुस्तिका असते. तिला 'ट्राऊबूक्ये' म्हणतात आणि तिच्यात नवरा-बायको व मुलांच्या नोंदी असतात. कॅथलिक घरांत मृत व्यक्तीच्या नावाची प्रार्थनापत्रं, म्हणजे 'बिदप्रेंत्ये', जपून ठेवलेली असतात. त्यांवर जन्म-मृत्यूच्या तारखा आणि गावं मिळतात. जुने पासपोर्ट, मृत्यूच्या छापील कळवणी, फोटोंच्या पाठीवरची अक्षरं, काहीही टाकू नका.

घरातल्या वयस्कर माणसांना तीनच गोष्टी नक्की विचारा: आजोबा-पणजोबा कोणत्या गावचे, धर्मपंथ कोणता (रिफॉर्म्ड, कॅथलिक, मेनोनाइट, ज्यू) आणि घरात नावाचं वेगळं स्पेलिंग कधी वापरलं गेलं का. पंथ कळल्याशिवाय १८११ च्या, म्हणजे सरकारी नागरी नोंद सुरू होण्याच्या, आधीची नोंदवही कोणत्या चर्चमध्ये शोधायची तेच ठरत नाही.

सावधान: टिपणं देवनागरीत ठेवू नका. या लेखात मी नावं डच उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय (आपण 'व्हॅन' म्हणतो ते डच लोक 'फान' म्हणतात), पण देवनागरीत चार वेगळी डच स्पेलिंगं एकसारखी दिसतात. वहीत प्रत्येक नाव मूळ कागदावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर उतरवा.

## टप्पा १: स्पेलिंगची यादी करा

या टप्प्यावर घाई केली तर पुढची सगळी मोजदाद फुकट जाते. एक यादी बनवा आणि तिच्यात नावाची शक्य ती सगळी रूपं लिहा.

पहिला मुद्दा आय-जे आणि वायचा. डचमध्ये आय-जे ही जोडी एकाच ध्वनीसाठी वापरतात आणि जुन्या हस्ताक्षरात ती दोन टिंबं दिलेल्या वायसारखी दिसते. संगणकशास्त्र शिकलेल्यांना ज्यांचा अल्गोरिदम माहीत आहे त्या एड्सखर देइकस्ट्रांचं (आपल्याकडे 'डायकस्ट्रा') आडनाव आय-जेने लिहितात. हेच नाव अमेरिकेत गेलेल्या घरांत वायने लिहिलेलं सापडतं. दोन्ही शोधावी लागतात.

याशिवाय पुढच्या अदलाबदली तपासा:

- नुसता के, किंवा सी-के. के आणि सी
- जी, जी-एच आणि सी-एच
- एस आणि झेड. एफ आणि व्ही
- दोन ए, किंवा ए-ई (जुन्या आणि बेल्जियन रूपांत ए-ई जास्त)
- यू-आय आणि यू-वाय
- शेवटी नुसता टी, नुसता डी, किंवा डी-टी
- शेवटी एक एस, दोन एस, एस-ई, एस-ई-एन

दुसरा मुद्दा नावापुढच्या शब्दांचा: 'फान', 'दे', 'फान देर', 'तेन', 'तेर'. नेदरलँड्समध्ये नावांची क्रमवारी लावताना हे शब्द बाजूला ठेवतात, म्हणजे 'फान देन बेर्ख' हे नाव बी अक्षराखाली शोधायचं. बेल्जियममध्ये तेच नाव व्हीखाली सापडेल. एका देशाची सवय दुसऱ्या देशाच्या यादीत वापरली की "नाव नाहीच" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. कधी हे शब्द नावाला चिकटतात: फेरमेर हे 'फान देर मेर'चं आखडलेलं रूप, आणि अमेरिकेतलं व्हँडरबिल्ट हे युट्रेख्तजवळच्या दे बिल्ट गावावरून आलेलं एकसंध झालेलं नाव.

तपासा: यादीत किमान पाच-सहा रूपं आहेत का? एकच रूप असेल तर यादी अपुरी आहे.

## टप्पा २: संख्या काढा

यासाठी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे डच आडनावांची राष्ट्रीय बँक, म्हणजे ऑनलाइन माहितीसंग्रह. हेगमधलं सीबीजी हे कुटुंब-इतिहास केंद्र ती चालवतं आणि तिचा पाया ॲमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेच्या संशोधनावर आहे. तिच्यात ३ लाखांहून अधिक आडनावं आहेत. प्रत्येक नावासमोर दोन वर्षांचे आकडे पाहायचे: १९४७ ची जनगणना आणि २००७ ची नगरपालिकांची लोकसंख्या-नोंद.

यादीतलं प्रत्येक रूप स्वतंत्रपणे शोधा आणि एक तक्ता भरा: रूप, १९४७ चा आकडा, २००७ चा आकडा, १९४७ चा मुख्य प्रांत, २००७ च्या मुख्य नगरपालिका. पाचपेक्षा कमी माणसं असतील तर खासगीपणासाठी नेमका आकडा देत नाहीत. तिथे "पाचहून कमी" असंच लिहा, शून्य लिहू नका.

आता आकडे कसे वाचायचे. 'दे योंग' २००७ मध्ये ८० हजारांहून अधिक लोकांचं आडनाव होतं. त्याच्या पाठोपाठ 'यान्सेन' आणि 'दे व्रीस' येतात. वरच्या टोकाची कल्पना यावरून येते. खालच्या टोकाला दोन-तीनशे किंवा त्याहून कमी माणसं असलेली असंख्य नावं आहेत. म्हणजे डच आडनावांत दुर्मिळ असणं ही अपवादाची गोष्ट नाही. "फक्त १८० जणांचं नाव" हे ऐकायला छान वाटतं, पण तेवढ्यावरून घराणं खानदानी ठरत नाही.

दुर्मिळतेचे निदान चार प्रकार वेगळे करा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं:

स्पेलिंगची दुर्मिळता. एक अक्षर वेगळं, बाकी नाव सामान्य. मूळ नाव हजारोंचं, पण कारकुनाने एका शाखेत एक अक्षर जादा लिहिलं आणि तेच कायम झालं. दुर्मिळ म्हणून मिरवली जाणारी बरीचशी नावं या गटातली असतात.

खरी दुर्मिळता. सगळी रूपं मिळूनही माणसं थोडी, आणि तीही एका भागात.

स्थलांतराची दुर्मिळता. १९४७ चा आकडा मोठा, २००७ चा लहान. दुसऱ्या महायुद्धानंतर डच कुटुंबं मोठ्या संख्येने कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेत गेली. 'फान देर मेरवे' हे नाव पाहा: नेदरलँड्समध्ये तुरळक, दक्षिण आफ्रिकेत अगदी नेहमीचं. त्या कुटुंबांचे पूर्वज मात्र युद्धाच्या कितीतरी आधी गेलेले.

सीमेपलीकडची दुर्मिळता. नाव मुळात फ्लेमिश (बेल्जियममधल्या डच भाषकांचं) किंवा जर्मन, म्हणून डच यादीत कमी. अशा वेळी बेल्जियमच्या सांख्यिकी विभागाची, म्हणजे स्टॅटबेलची, आडनावांची यादी पाहा. बेल्जियममधलं सर्वाधिक लोकांचं नाव 'पेटेर्स' आहे, दोन ई लिहून. तेच नेदरलँड्सच्या यादीत तेवढ्या वर दिसत नाही.

सावधान: २००७ नंतरचा अंदाज स्वतः बांधू नका. १९९८ पासून डच आई-वडील मुलाला आईचं आडनावही देऊ शकतात आणि १ जानेवारी २०२४ पासून दोघांची आडनावं जोडून द्यायची सोय झाली आहे. त्यामुळे जुन्या प्रमाणावरून आजची संख्या काढता येत नाही.

## टप्पा ३: नकाशा वाचा

बँकेत २००७ चे नगरपालिकावार नकाशे आहेत. दोन प्रकारे पाहा: एकूण माणसं आणि लोकसंख्येच्या प्रमाणात माणसं. फक्त पहिला नकाशा पाहिला तर प्रत्येक नाव ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि हेगचं वाटतं, कारण तिथे माणसंच जास्त आहेत. मूळ भाग दिसतो तो दुसऱ्या नकाशात. त्याला १९४७ च्या प्रांतवार आकड्यांची जोड द्या; तेव्हा लोक इतके पांगलेले नव्हते.

नावाचा शेवटही दिशा दाखवतो. '-स्ट्रा', '-मा', '-इंगा' म्हणजे बहुधा फ्रीसलँड किंवा ग्रोनिंगन. '-इंक' म्हणजे पूर्वेकडचे ट्वेंते आणि आख्टरहूक. शेवटी एस-ई (आद्रियान्से, पीटेरसे) असेल तर झेलँड तपासा. दोन एस असलेलं 'यान्सेन' लिम्बुर्ख प्रांतात फार.

पण हा पुरावा नव्हे, नुसता इशारा आहे. एड्सखर देइकस्ट्रांचा जन्म १९३० साली रॉटरडॅमचा. आडनाव मात्र फ्रीशियन वळणाचं. नाव एका कोपऱ्यातून आणि माणूस दुसऱ्या कोपऱ्यातून, असं एकोणिसाव्या शतकातल्या शहरांच्या वाढीनंतर सर्रास घडलं.

तपासा: नकाशावर एकच दाट ठिपका आहे, की दूरदूरचे दोन-तीन? दोन-तीन असतील तर ते नाव स्वतंत्रपणे एकाहून अधिक ठिकाणी जन्मलं असण्याची शक्यता आत्ताच वहीत नोंदवा.

## टप्पा ४: माहीत असलेल्या माणसापासून मागे चाला

इथे बरेच जण उलटं करतात. सतराव्या शतकातला एखादा प्रसिद्ध माणूस पकडतात आणि स्वतःपर्यंत रेघ ओढायला बघतात. ती रेघ जुळवलेली असते. तुम्ही सुरुवात करायची ती दिवंगत आजोबा किंवा पणजोबांपासून, आणि एक पिढी पक्की झाल्याशिवाय मागच्या पिढीला हात लावायचा नाही.

जन्म-विवाह-मृत्यूची नागरी नोंद बहुतेक नेदरलँड्समध्ये १८११ पासून आहे. दक्षिण लिम्बुर्ख आणि झेलँडच्या फ्लेमिश पट्ट्यात १७९६ पासून. सर्वांसाठी खुल्या होण्याच्या मुदती अशा: जन्मनोंद १०० वर्षांनी, विवाहनोंद ७५ वर्षांनी, मृत्यूनोंद ५० वर्षांनी. शोधायला 'वी वास वी' आणि 'ओपन आर्खीफन' ही दोन संकेतस्थळं पुरेशी आहेत. त्यानंतर त्या प्रांताच्या अभिलेखागारात मूळ पानाचं चित्र उघडा.

सगळ्यात आधी विवाहनोंद शोधा. तिच्यात वर-वधूचं वय, जन्मगाव, व्यवसाय आणि दोघांच्याही आई-वडिलांची नावं असतात, म्हणजे एका कागदात दोन पिढ्या. बायकांची नोंद जन्माच्या आडनावानेच असते, त्यामुळे आईकडची बाजूही सुटत नाही. शिवाय लग्नासाठी दिलेली जोडपत्रं वेगळी जपलेली असतात: जन्माचे उतारे, वारलेल्या आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, लष्करी सेवेची कागदपत्रं. १८११ नंतरच्या पहिल्या काही दशकांतली ही जोडपत्रं सोन्यासारखी आहेत, कारण त्यांत जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल लावलेली असते. बहुतेक लोक ती उघडतच नाहीत.

मग १८५० पासूनच्या लोकसंख्या-नोंदवह्या पाहा. कुटुंब कुठून आलं, कधी गेलं, पंथ कोणता, हे तिथे कळतं. विसाव्या शतकासाठी १९३९ नंतर वापरात आलेलं व्यक्तिपत्र (प्रत्येक माणसाचं नोंदणी-कार्ड) दिवंगत नातेवाइकांच्या बाबतीत सीबीजीकडून शुल्क भरून मागवता येतं.

सावधान: सूचीवर विसंबू नका. सूची करणाऱ्याने वाचलं ते रूप सूचीत येतं. पान उघडा आणि खालची सही बघा. कारकुनाने लिहिलेलं नाव आणि माणसाने स्वतः केलेली सही यांत फरक असेल तर दोन्ही रूपं टप्पा १ च्या यादीत घाला आणि संख्या पुन्हा काढा.

सावधान: १८०५ अखेरपर्यंतच्या लिम्बुर्खच्या नोंदींत फ्रेंच क्रांतीचं कॅलेंडर आहे. "सातव्या वर्षाचा फ्लोरेआल" अशी तारीख दिसली तर आधी रूपांतर करा, मगच वय मोजा.

## टप्पा ५: १८११ चा उंबरठा

१८ ऑगस्ट १८११ च्या नेपोलियनच्या आदेशाने ज्यांना कायमचं आडनाव नव्हतं त्यांना ते घेऊन नोंदवावं लागलं. १८२५ साली राजा पहिल्या विलेमच्या काळात पुन्हा तशी ताकीद निघाली. या नावनोंदणीच्या वह्या सगळीकडे टिकलेल्या नाहीत. फ्रीसलँडच्या चांगल्या टिकल्या आहेत आणि लेउवार्डनच्या त्रेसोआर अभिलेखागारामार्फत शोधता येतात. कुटुंबप्रमुखाने घेतलेलं नाव, मुलं, त्यांची वयं आणि कधी नातवंडंही तिथे एकत्र मिळतात.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: लोकांनी नेपोलियनची थट्टा करायला विचित्र आडनावं घेतली. हे मान्य करू नका. 'नाक्तखेबोरेन' (नागडा जन्मलेला) हे नेहमीचं उदाहरण १८११ च्या आधीच्या कागदांतही सापडतं आणि त्याचा उगम बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दाशी जोडला जातो. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या प्रांतांत बहुसंख्य घरांना आडनावं आधीपासूनच होती. वहीत नोंद झाली म्हणजे नाव त्या दिवशी जन्मलं असंही नाही. वापरातलं नावही लोक नोंदवून येत.

तपासा: तुमचा १८११ मधला पूर्वज, त्याचा बाप आणि त्याचे भाऊ, तिघांकडे एकच आडनाव आहे का? भावांनी वेगवेगळी आडनावं घेतलेली असू शकतात.

## टप्पा ६: चर्चच्या वह्या

१८११ च्या आधी बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या वापरायच्या. इथे आडनाव नेहमी मिळेलच असं नाही. रेम्ब्रांट हार्मन्सझोन फान रेइन हे नाव फोडून पाहा: 'हार्मन्सझोन' म्हणजे हार्मनचा मुलगा, 'फान रेइन' म्हणजे ऱ्हाईनचा. त्यांच्या वडिलांचं नाव हार्मन खेरिट्सझोन फान रेइन; लेडनचे गिरणीवाले. मधला भाग दर पिढीला बदलतो, शेवटचा टिकतो. बऱ्याच वह्यांत शेवटचा भाग लिहिलेलाच नसतो. तेव्हा पूर्वजाचा माग आडनावाने काढता येत नाही. बायकोचं नाव, मुलांच्या नावांचा क्रम, बाप्तिस्म्याचे साक्षीदार आणि गाव या चार गोष्टी जुळवून माणूस ओळखावा लागतो. कॅथलिक वह्यांत नावं लॅटिन रूपात असतात: यानचा तिथे योआनेस होतो.

ट्वेंते आणि आख्टरहूकमध्ये आणखी एक अडचण आहे, आणि तिथे सगळ्यात जास्त वंशवृक्ष चुकतात. त्या भागात नाव शेताचं असे. जो शेतावर राहायला गेला त्याने शेताचं नाव घेतलं, मग तो घरजावई असो की बाहेरून आलेला कुळवाडी. म्हणजे बाप-लेकांची आडनावं वेगळी आणि रक्ताचं नातं नसलेल्यांची आडनावं एक, असं दोन्ही घडतं. अशा नावाच्या बाबतीत शेत आधी शोधा, माणूस नंतर.

ॲमस्टरडॅममध्ये लग्न झालं असेल तर १५६५ ते १८११ च्या विवाह-पूर्वघोषणांच्या वह्या शहर अभिलेखागारात आहेत आणि त्यांत वर-वधू मूळ कुठले ते लिहिलेलं असतं. पूर्वज मिडलबर्गचे असतील तर मे १९४० च्या आगीत तिथले पुष्कळ कागद जळाले आहेत. नोटरी, न्यायालय किंवा शेजारच्या गावांचे कागद पाहावे लागतील.

## टप्पा ७: आता अर्थ

आडनाव बँकेतलं स्पष्टीकरण आता वाचा. नावं ढोबळपणे चार गटांत पडतात: बापाच्या नावावरून (यान्सेन), जागेवरून (फान देइक), धंद्यावरून (बाकर, विसर), गुणावरून (दे योंग). गट ठरवायला सोपा, जागा ठरवायला अवघड.

'फान' असलेल्या नावांत नेहमी होणारी चूक म्हणजे त्या गावातच मूळ शोधणं. पुण्यात राहणाऱ्याला कुणी पुणेकर म्हणून वेगळा ओळखत नाही. तो बाहेर गेला की पुणेकर होतो. तसंच इथे. व्हॅन गॉग हे नाव सीमेपलीकडच्या जर्मन गॉख गावावरून आलेलं मानतात, आणि ते आडनाव म्हणून रुजलं ते गावाबाहेर. म्हणून सर्वांत जुनी नोंद जिथे मिळाली, तिथून एक-दोन दिवसांच्या चालीवरची त्या नावाची सगळी गावं, वाड्या, शेतं यादीत घ्या. एकाच नावाची ठिकाणं अनेक असतात. 'बेर्ख' म्हणजे डोंगर, पण सपाट हॉलंडमध्ये तो साधा उंचवटाही असू शकतो.

सावधान: कुलचिन्ह आडनावाचं नसतं, ते एका विशिष्ट घराण्याचं असतं. नेदरलँड्समध्ये सरदार नसलेली घराणीही कुलचिन्ह वापरत. नाव तेच आहे एवढ्यावरून ते तुमचं होत नाही.

## टप्पा ८: समुद्रापलीकडच्या फांद्या

नाव भारतातल्या कागदावर किंवा थडग्यावर सापडलं असेल तर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या (व्हीओसी) जहाजांच्या पगारवह्या तपासा. त्या हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांची सूची ऑनलाइन आहे. तिथे "यान पीटर्सझोन फान होर्न" अशी नोंद दिसली तर 'फान होर्न' हे आडनाव धरू नका. माणूस होर्न गावचा, एवढाच अर्थ असू शकतो. नोकरांत जर्मन आणि स्कॅन्डिनेव्हियन मोठ्या संख्येने होते आणि त्यांची नावं डच कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. एकच माणूस दर सफरीला नव्याने नोंदलेला असतो, म्हणून तीन नोंदी म्हणजे तीन माणसं नव्हेत. टिकलेल्या वह्या मुख्यतः अठराव्या शतकातल्या. वेंगुर्ल्याच्या वखारीचा काळ सतराव्या शतकातला, त्यामुळे तिथल्या माणसांसाठी कंपनीचा पत्रव्यवहारच वाचावा लागतो. सुरतेला पुरलेले कंपनीचे बडे अधिकारी फान रेडे यांचं नावही एचसह आणि एचविना, दोन्ही प्रकारे लिहिलेलं सापडतं.

सुरिनाम आणि इंडोनेशियातल्या काही दुर्मिळ नावांना डच गाव शोधत बसू नका. १ जुलै १८६३ ला सुरिनाममधली गुलामगिरी संपली तेव्हा मुक्त झालेल्यांना आडनावं दिली गेली आणि काही डच नावांची अक्षरं फिरवून बनवली होती: दे व्रीसवरून 'व्रीसदे'. डच ईस्ट इंडीजमध्येही (आजच्या इंडोनेशियात) तसंच, फेरमेरचं एक रूप उलटं लिहून 'र्‍हेमरेफ' झालं. ही नावं दुर्मिळ आहेत कारण ती घडवलीच तशी. ज्या सुरिनामी हिंदुस्तानी कुटुंबांचे पूर्वज १८७३ पासून कराराने गेले, त्यांची आडनावं पुष्कळदा त्या पहिल्या मजुराच्या एकट्या नावावरून आली आहेत. तिथे त्या मजुराची करारनोंद शोधायची.

## टप्पा ९: निष्कर्ष कसा लिहावा

चार ओळी पुरतात. पहिली: सगळी रूपं मिळून १९४७ आणि २००७ ची संख्या आणि दुर्मिळतेचा प्रकार. दुसरी: सर्वांत जुनी पक्की नोंद, तिचं गाव, वर्ष आणि वही. तिसरी: नावाचा गट आणि संभाव्य जागा, एकाहून अधिक असतील तर सगळ्या. चौथी: साखळीत कुठे दुवा कच्चा आहे.

नाव दुर्मिळ आणि ठिपका एकच असेल तरी सगळे एका पूर्वजाचे असं लगेच लिहू नका. कागदाने शाखा जुळल्या तरच लिहा. साखळी अडली असेल तर त्या प्रांताच्या अभिलेखागाराला ईमेल करा. डच येत नसेल तर इंग्रजी चालतं. पत्रात स्पेलिंगची यादी, शेवटची पक्की नोंद तिच्या क्रमांकासह, पंथ आणि एकच नेमका प्रश्न असू द्या. "या आडनावाबद्दल काय माहिती आहे?" असं विचारलं तर सर्वसाधारण उत्तर येतं. "१७९० ते १८०० मध्ये या जोडप्याच्या मुलांचे बाप्तिस्मे तुमच्या वह्यांत आहेत का?" असं विचारा.